शिवाजिएला आणि तिचे कुल

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला ‘शिवाजी’ ह्या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. शिवाजी पेठ, शिवाजी चौक, पंचगंगेवरील शिवाजी पूल, १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ. गावात कोठेही गेले तरी हे नाव कानावर पडतेच. जीवाणूंच्या नामावळीतही असेच एक नाव २०१२ साली दाखल झाले. ते म्हणजे ‘शिवाजिएला इंडिका’. भारतात सापडलेला हा समुद्री जीवाणू नायट्रेटाचे क्षपण करतो. आधी ठाऊक असलेल्या जीवाणूंपासून तो इतका वेगळा निघाला, की त्याच्यासाठी नवी प्रजातीच निर्माण करावी लागली.

हे नाव वाचून ज्याची मान अभिमानाने ताठ झाली असेल, त्याला एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. हे नाव छत्रपतींवरून दिलेले नाही. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील, म्हणजे ‘सीसीएमबी’तील, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. शिवाजी ह्यांच्या सन्मानार्थ ते ठेवले आहे. अंटार्क्टिका व हिमालय अशा थंड प्रदेशांतील जीवाणूंचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. जीवाणूंच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे तिच्यात अशी शिफारस आहे, की जीवाणुशास्त्राशी, निदान निसर्गविज्ञानाशी, ज्यांचा काही संबंध नाही अशा व्यक्तींची नावे प्रजातीला देऊ नयेत. त्यामुळे राजे, सेनापती आणि पुढारी ह्या नामावळीबाहेर राहतात. माझ्या मते ही शिफारस फार शहाणपणाची आहे. नाहीतर नामकरणाच्या सभांत सूक्ष्मदर्शकापेक्षा घोषणांचाच उपयोग अधिक झाला असता!

शिवाजी हे पुरुषाचे नाव, मग शिवाजिएला स्त्रीलिंगी कशी? तीही नियमावलीचीच शिफारस. व्यक्तीच्या नावावरून केलेले प्रजातिनाम, ती व्यक्ती पुरुष असो वा स्त्री, स्त्रीलिंगीच असावे. ‘एला’ हा लॅटिन भाषेतील लहानपणा दाखविणारा स्त्रीलिंगी प्रत्यय आहे. आपण डब्यापासून डबी करतो, ढोलापासून ढोलकी करतो, तसाच हा प्रकार. विषमज्वराचा जीवाणू ज्या प्रजातीत येतो ती साल्मोनेला, आमांशाची शिगेला, ही ह्याच साच्यातील नावे. साल्मोनेलाचा साल्मन माशाशी संबंध जोडू नका. अमेरिकन पशुवैद्य साल्मन आणि जपानी शास्त्रज्ञ शिगा ह्यांची ती नावे आहेत.

इथवर बारशाचा भाग झाला. पण वर्गात शिक्षकांना जो प्रश्न खरोखर विचारला जातो तो निराळाच आहे. ‘गुरुजी, मागच्या वर्षीच्या पुस्तकात ह्या जीवाणूचे नाव वेगळे होते. आता कोणते पाठ करायचे?’ नावे का बदलतात, आणि बदलतात तर त्यांवर विश्वास कसा ठेवायचा? शिवाजिएला ज्या कुलातील आहे त्या कुलाचा मूळपुरुष म्हणावा असा एक समुद्री जीवाणू आहे. त्याचे नाव चौदा वर्षांत तीन वेळा ठेवले गेले. त्याचीच कथा पाहू.

कडीसारखा जीवाणू

सजीवांच्या द्विनाम पद्धतीत पहिले नाव प्रजातीचे आणि दुसरे जातीचे, हे आपण शिकलोच आहोत. शाळेच्या हजेरीपटात ‘पाटील अनिल’ असे आडनाव आधी लिहितात ना, तसेच हे. एका आडनावाची मुले अनेक असू शकतात. तशा एका प्रजातीत अनेक जाती असतात, आणि काही जवळच्या प्रजाती मिळून एक कुल होते. हजेरीपटात दोन पाटील एकमेकांचे नातेवाईक नसले तरी चालते. जीवाणूंच्या पटात मात्र ते चालत नाही. तेथे एक आडनाव याचा अर्थ जवळचे नाते, असाच झाला पाहिजे. सारी अडचण ह्या एका अटीतून उत्पन्न होते.

१९२८ साली ओर्स्कोव्ह ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने पाण्यातील एका चमत्कारिक जीवाणूचे वर्णन केले. जीवाणू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दांडी, गोळी किंवा मळसूत्र येते. हा जीवाणू वाकडा होता. वाढताना त्याची दोन टोके एकमेकांकडे येत, भिडत, कधी एकावर एक चढत, आणि दाराच्या कडीसारखे कडे तयार होई. मग त्याचे विभाजन होई. ओर्स्कोव्हने त्याला ‘मायक्रोसायक्लस ॲक्वाटिकस’ हे नाव दिले, म्हणजे पाण्यातील सूक्ष्म वर्तुळ. नाव किती समर्पक! अशा कड्यांचा बाहेरचा व्यास साधारण एक मायक्रोमीटरच्या आसपास असतो. तुमच्या पट्टीवरील एका मिलिमीटरच्या जागेत अशा हजारभर कड्या शेजारी शेजारी मावतील.

पुढे कडीच्या आकाराचे आणखी जीवाणू सापडू लागले. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे काम करणारे एच. डी. राज ह्यांनी १९७६ साली समुद्रातील एका गुलाबी, कडीच्या आकाराच्या जीवाणूचे वर्णन केले. आकार तोच, म्हणून प्रजाती तीच, ह्या न्यायाने त्याचे नाव ठेवले गेले ‘मायक्रोसायक्लस मरिनस’. मरिनस म्हणजे समुद्राचा.

हे नाव दोनच वर्षे टिकले. १९७७ साली लार्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाकड्या, गुलाबी जीवाणूंसाठी ‘फ्लेक्टोबॅसिलस’ नावाची निराळी प्रजाती काढली होती. १९७८ साली बोरॉल आणि लार्किन ह्यांनी राज ह्यांचा समुद्री जीवाणू उचलून तिच्यात घातला. तो झाला ‘फ्लेक्टोबॅसिलस मरिनस’. आडनाव बदलले, पण ‘मरिनस’ तसेच राहिले हे ध्यानात ठेवा. नियमच तसा आहे. जात एका प्रजातीतून दुसरीत गेली तरी तिचे जातिनाम तिच्याबरोबर जाते. माणसांत असे नेहमीच होत नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा आडनावाबरोबर नावही बदलून ते शाहू महाराज झाले. जीवाणूंच्या दत्तकविधानात नाव बदलावयास अशी सहजासहजी परवानगी नाही. त्यामुळे कितीही आडनावे बदलली तरी जातिनामाचा दोरा धरून जुन्या ग्रंथांत मागे जाता येते.

एका नावाचे दोन मालक

इकडे गोड्या पाण्यातील मूळच्या मायक्रोसायक्लसवर वेगळेच संकट आले. मायक्रोसायक्लस ह्या नावाची एक बुरशी १९०४ सालापासूनच अस्तित्वात होती! रबराच्या झाडाची पाने करपवून दक्षिण अमेरिकेतील रबराच्या मळ्यांची दैना करणारी बुरशी ह्याच नावाने अनेक वर्षे ओळखली जात असे. (पुढे तिचेही आडनाव बदलले, पण ती कथा वनस्पतिरोगांच्या अभ्यासकांची.) जीवाणूला असे नाव देता येत नाही की जे आधीच एखाद्या बुरशीला, शैवालाला किंवा आदिजीवाला दिलेले आहे. ह्या नियमात प्राणी मात्र येत नव्हते. म्हणून ‘बॅसिलस’ हे नाव एका जीवाणूचेही आहे आणि एका काडीकिड्याच्या प्रजातीचेही आहे, आणि दोघेही सुखाने नांदत आहेत.

बुरशीचा हक्क आधीचा, तेव्हा जीवाणूला नाव सोडावे लागले. १९८३ साली राज ह्यांनीच गोड्या पाण्यातील त्या जीवाणूला ‘अँसायलोबॅक्टर’ हे नवे प्रजातिनाम दिले. ग्रीक भाषेत अँकिलोस म्हणजे वाकडा. येथे जीवाणूविषयीचे आपले ज्ञान तसूभरही बदलले नव्हते. बदलली ती फक्त कागदावरची नोंद. नाव बदलण्याचे हे पहिले कारण, आणि खरे सांगायचे तर त्यातल्या त्यात कंटाळवाणे.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते समुद्री जीवाणूच्या बाबतीत दिसते. कडीच्या आकाराचे हे सारे जीवाणू खरोखर भाऊबंद आहेत काय?

आकार फसवतो

डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला लेख आहे: ए, टी, जी आणि सी. जीवाणूंच्या बाबतीत एक जुनी, ढोबळ पण उपयोगी कसोटी अशी, की एकूण अक्षरांपैकी जी आणि सी ह्यांचा वाटा शेकडा किती हे मोजायचे. वेगवेगळ्या जीवाणूंत तो साधारण २५ पासून ७५ पर्यंत आढळतो. एकाच प्रजातीतील जातींत मात्र तो जवळजवळ सारखा असावा लागतो. दहापेक्षा अधिक फरक पडला तर संशय घ्यावा. गोड्या पाण्यातील अँसायलोबॅक्टरमध्ये हा वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे. समुद्रातील गुलाबी कडीमध्ये तो सुमारे ४० टक्के आहे. म्हणजे दोघांत पंचवीसच्या वर फरक! आकार तोच असूनही ही दोन घराणी इतकी दूरची निघाली, की प्रजाती आणि कुल सोडाच, त्यांचा संघसुद्धा एक नाही.

ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. जीवाणूच्या शरीराला आकार तरी किती घेता येणार? दांडी, गोळी, मळसूत्र, कडी, असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कोट्यवधी वर्षांत वेगवेगळी घराणी तोच आकार पुन्हा पुन्हा धारण करणारच. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे रांगेने मांडलेले असतात. सर्वांचा आकार एकच. म्हणून ते सारे एकाच शेतातील उसाचे आहेत असे कोणी व्यापारी म्हणणार नाही. आकार साच्याचा असतो. गुळाची जात कळण्यासाठी रवा फोडून आत पाहावे लागते.

१९९० साली राज आणि मलॉय ह्यांनी समुद्री जीवाणूचा रवा असाच फोडून पाहिला, आणि तो फ्लेक्टोबॅसिलसमध्येही बसत नाही असे दाखवून त्याला स्वतंत्र घर दिले. हे तिसरे नाव, ‘सायक्लोबॅक्टेरियम’. ज्या शास्त्रज्ञाने त्याला पहिले नाव दिले त्यानेच तिसरेही दिले, हे विशेष. सायक्लो म्हणजे वर्तुळ. पहिल्या नावातील ‘वर्तुळ’ बारा वर्षांच्या वनवासानंतर पुन्हा त्याच्या वाट्याला आले.

पोथ्यांतील पाठभेद

पुढच्या काळात एक अधिक नेमके साधन सर्वांच्या हाती आले. प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम असतात. त्यांत आरएनएचे रेणू असतात. त्यांपैकी एकाला ‘१६ एस’ म्हणतात आणि त्याची लांबी सुमारे १,५०० अक्षरे असते. रायबोसोम बिघडला तर पेशी जगतच नाही, म्हणून ह्या लेखात बदल फार सावकाश होतात, पण होतात. पिढ्यान्‌पिढ्या नकला होताना एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक पुढच्या सर्व नकलांत उतरते.

मराठीच्या शिक्षकांना ही रीत ओळखीची वाटेल. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या शतकानुशतके हाताने उतरविल्या गेल्या, त्यांत पाठभेद शिरले, आणि शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चूक असेल तर त्या एकाच प्रतीवरून उतरविल्या असाव्यात, असे अभ्यासक म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वूज ह्यांनी नेमकी हीच रीत रायबोसोमच्या आरएनएला लावली. १९७७ साली त्यांनी जाहीर केले, की ज्यांना सारे जीवाणू म्हणत होते त्यांच्यातील एक मोठा गट मुळी जीवाणूच नव्हे. त्यांनाच पुढे ‘आर्किया’ म्हणू लागले.

आज नव्या जीवाणूच्या १६ एस लेखाची ज्ञात लेखांशी तुलना करतात. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी भरले तर जाती नवी असण्याचा संभव धरतात. प्रजातीसाठी अशीच एक खूण ९४.५ टक्क्यांच्या आसपास सुचविण्यात आली आहे. गणित करून पाहा. १,५०० अक्षरांत सुमारे २० अक्षरे वेगळी निघाली की जाती वेगळी असू शकते, आणि ८० च्या वर वेगळी निघाली की प्रजाती वेगळी असू शकते. ‘असू शकते’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. हे आकडे माणसाने सोयीसाठी आखलेले बांध आहेत. निसर्गाने अशी काही रेघ मारून ठेवलेली नाही. म्हणून केवळ अक्षरे मोजून काम भागत नाही. पेशीतील मेदाम्ले, रंगद्रव्ये, कोणती शर्करा चालते, किती मिठात वाढ होते, हे सारे पाहूनच निर्णय करतात. आता तर सबंध डीएनए वाचता येतो, त्यामुळे काही बांध पुन्हा सरकत आहेत.

१६ एसच्या ह्या कसोटीवर सायक्लोबॅक्टेरियमची वेगळी चूल बरोबर ठरली. इतकेच नव्हे, तर त्याच्याभोवती एक नवे कुलच उभे राहिले. २०१२ साली नेदाश्कोव्हस्काया आणि लुडविग ह्यांनी त्याला ‘सायक्लोबॅक्टेरिएसी’ हे नाव दिले. कुलाचे नाव कडीवरून पडले असले तरी त्यातील पुष्कळसे सभासद सरळ दांड्याच आहेत, हीही एक गंमत! ह्याच कुलात बाल्टिक समुद्रातून २००४ साली वर्णिलेल्या बेलिएला आणि ॲक्विफ्लेक्सम ह्या प्रजाती येतात, आपली शिवाजिएला येते, आणि महाराष्ट्राच्या ऐन मध्यातून आलेल्या तीन प्रजातीही येतात.

लोणारच्या पाण्यातील तिघे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशनीच्या आघाताने झालेले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची ती वाटी दख्खनच्या काळ्या पाषाणात खोदली गेली. तिचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानीत. पुढे अरगॉन वायूच्या साहाय्याने केलेल्या मापनातून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. रंकाळ्याच्या तळाशीही हाच पाषाण आहे, पण तेथे पावसाळ्यातील जादा पाणी वाहून जाते आणि पाणी गोडे राहते. लोणारच्या वाटीला बाहेर जाण्याची वाट नाही. आलेले पाणी वाफ होऊनच जाते आणि त्यातील क्षार मागे उरतात. त्यांत मीठ तर आहेच, पण सोडाही भरपूर आहे. त्यामुळे पाण्याचा सामू १० च्या आसपास राहतो. उदासीन पाण्याचा सामू ७ असतो, आणि सामूतील एकेक अंकाला दहापटीचा फरक पडतो. म्हणजे साध्या पाण्याच्या मानाने येथे हायड्रोजन आयनांचे प्रमाण हजारपटीने कमी! हात बुडविला तर साबणाच्या पाण्यासारखा बुळबुळीतपणा जाणवतो.

अशा पाण्यातून अनिल कुमार, श्रीनिवास, एस. शिवाजी आदी संशोधकांनी जीवाणू वेगळे केले. २०१० साली ‘इंडिबॅक्टर अल्कलिफिलस’ आणि ‘नायट्रिटालिया हॅलअल्कलिफिला’ ह्या, आणि २०१२ साली ‘सेसेम्बिया लोणारेन्सिस’ ही, अशा तीन नव्या प्रजाती त्यांनी प्रसिद्ध केल्या. तिन्ही सायक्लोबॅक्टेरिएसी कुलातील आहेत. अल्कलिफिलस म्हणजे अल्काची आवड असलेला. सेसेम्बियाचा अर्थ लॅटिन कोशात सापडणार नाही. ‘सी-सी-एम-बी’ ही चार अक्षरे भरभर उच्चारून पाहा, म्हणजे सापडेल.

लोणारला कधी समुद्र नव्हता. तेथील खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. मग समुद्री कुलाचे सभासद तेथे कसे? उत्तर असे, की कुल म्हणजे पत्ता नव्हे. खाऱ्या पाण्यात तग धरण्याची क्षमता ह्या घराण्यात पुष्कळांना आहे. त्यातील कोणी समुद्रात राहिले, कोणी मचूळ पाण्यात, कोणी सोड्याच्या सरोवरात. उलट एकाच सरोवरात शेजारी राहणारे दोन सूक्ष्मजीव नात्याने अतिशय दूरचे असू शकतात. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली, ती तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा तो रंग मीठप्रेमी आर्कियांचा निघाला. सायक्लोबॅक्टेरियमही गुलाबी आणि हेही गुलाबी, पण एक जीवाणू आणि दुसरा आर्किया! आकाराने फसवले, तसे रंगानेही फसावयास नको.

नावाचा दाखला

नवे नाव सुचविले की ते आपोआप मान्य होत नाही. जीवाणूंच्या नावांचा पूर्वी इतका गोंधळ झाला होता, की १ जानेवारी १९८० रोजी एक मान्यताप्राप्त यादी प्रसिद्ध करून त्याआधीचा सारा हिशेब एकदाच मिटविला गेला. त्या यादीत सुमारे अडीच हजार नावे राहिली. त्यात नसलेली जुनी नावे बाद ठरली. तेव्हापासून प्रत्येक नवे नाव एका ठरावीक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध व्हावे लागते. दुसरीकडे प्रसिद्ध झाले असल्यास निदान त्याच्या यादीत तरी नोंदले जावे लागते.

शिवाय, नुसते वर्णन पुरत नाही. ज्या जीवाणूवरून वर्णन केले तो जिवंत जीवाणू, त्याचा ‘नमुना-वाण’, निदान दोन वेगवेगळ्या देशांतील संवर्धसंग्रहांत ठेवावा लागतो. आपल्याकडे चंडीगडला असा संग्रह १९८६ पासून आहे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात २००९ साली मोठा संग्रह सुरू झाला. सराफाच्या दुकानातील प्रमाणित वजनासारखे ह्या नमुना-वाणाचे काम असते. उद्या कोणी शंका घेतली तर वाद घालीत बसण्याऐवजी कुपी उघडून पुन्हा तपासता येते. सायक्लोबॅक्टेरियमच्या नमुना-वाणाचे नाव ‘राज’ असेच आहे. तीन वेळा कुपीवरची चिठ्ठी बदलली. आतला जीवाणू तोच राहिला. लोणारच्या इंडिबॅक्टरचा नमुना-वाण ‘एलडब्ल्यू १’ म्हणून नोंदलेला आहे.

ह्या संदर्भात कोल्हापुरात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाची आठवण होते. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांच्या पुढाकाराने एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक मोठा फुगा सोडण्यात आला आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले गेले. त्यांत सापडलेल्या जीवाणूंपैकी तीन जाती नव्या म्हणून २००९ साली जाहीर झाल्या. त्यांतील एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल ह्यांच्या नावावरून ‘जॅनिबॅक्टर हॉयली’, तर एकीला ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ असे नाव मिळाले. हे जीवाणू समुद्रातले नव्हेत, पण नियम तेच. २०२० साली बॅसिलस ह्या अवाढव्य प्रजातीची फोड झाली, तेव्हा आर्यभट्टाय ‘प्रिस्टिया’ ह्या नव्या प्रजातीत गेला. आडनाव गेले, आर्यभट मात्र तेथेच आहेत.

शेवटी, ज्यांनी संस्कृत घेतले आहे त्यांच्यासाठी एक कोडे. १९९० साली राज आणि मलॉय ह्यांनी नाव लिहिले होते ‘सायक्लोबॅक्टेरियम मरिनस’. पुढे ते दुरुस्त करून ‘मरिनम’ करावे लागले. कारण बॅक्टेरियम हा शब्द नपुंसकलिंगी, आणि लॅटिनमध्येही, आपल्या संस्कृतप्रमाणेच, विशेषणाचे लिंग विशेष्याप्रमाणे बदलते. आता वर आलेली नावे पुन्हा पाहा. सायक्लोबॅक्टेरियम मरिनम नपुंसकलिंगी, इंडिबॅक्टर अल्कलिफिलस पुल्लिंगी, नायट्रिटालिया हॅलअल्कलिफिला स्त्रीलिंगी. एकाच कुलात तिन्ही लिंगे आली. राहिली सेसेम्बिया लोणारेन्सिस. गावाच्या नावावरून विशेषण करताना लॅटिनमध्ये पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप ‘एन्सिस’ असे एकच होते, आणि नपुंसकलिंगी ‘एन्से’. तर मग लोणारलाच उद्या सायक्लोबॅक्टेरियमची एखादी नवी जाती सापडली आणि तिला गावाचे नाव द्यावयाचे ठरले, तर ते कसे लिहावे लागेल?